वरिष्ठाचा जाच आणि राजीनाम्याचा विचार

नोकरी सोडावी कीं सोडूं नये, हा प्रश्न बहुधा रात्रीं जेवणें आटोपल्यावर निघतो. पगार कमी म्हणून तो निघाला असेल तर त्याचें गणित सोपें असतें. दोन आकडे शेजारीं मांडले कीं उत्तर दिसतें. पण वरिष्ठाच्या जाचामुळें निघाला, म्हणजे गणित बाजूला राहतें आणि त्या माणसाच्या स्वभावाचें वर्णन सुरू होतें. तो काय बोलला, कोणासमोर बोलला, रजा कशी नाकारली, दुसऱ्याचें काम स्वतःच्या नांवावर कसें दाखविलें, हें सारें क्रमानें सांगितलें जातें. ऐकणाऱ्यांनाहि राग येतो, आणि तासा-दोन तासांनीं मंडळी झोपावयास जातात. प्रश्न जेथल्या तेथें राहतो.

माझें म्हणणें असें कीं, वरिष्ठ किती वाईट आहे या चौकशीनें हा प्रश्न सुटत नाहीं. आपल्या संसाराचे किती दोर त्याच्या मुठींत आहेत, हें प्रथम मोजावें लागतें. ही मोजणी एके काळीं वरळीच्या गिरणी-कामगाराला कोणी न शिकवतां येत असे. म्हणून आरंभ तेथून करतों.

सर जॉर्ज लॉइड हे मुंबईचे गव्हर्नर असतांना १९२० सालीं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नांवाचें एक खातें निघालें. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी. डी. डी. हें नांव चाळींना पडलें तें कायमचेंच. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून या खात्यानें २०७ चाळी बांधल्या, आणि त्यांतील १२१ एकट्या वरळीस. तळमजला व वर तीन मजले, आणि एकेका कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. आरंभीं ही वस्ती दूरची व गैरसोयीची वाटून पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढें गिरण्यांतील माणसें, पोलिस, सरकारी शिपाई असे नाना प्रकारचे भाडेकरू तेथें आले. आतां त्या चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

या चाळींतून भोंग्याबरोबर कामावर जाणाऱ्या माणसाचा वरिष्ठ कोण होता? गिरणीचा मालक नव्हे. मालक त्याला वर्षांतून एकदां दिसला तर दिसला. साहेबहि नव्हे. त्याचा खरा वरिष्ठ म्हणजे खात्याचा जॉबर, ज्याला कोणी मुकादमहि म्हणत. बायकांच्या खात्यांत हेंच काम करणारी नायकीण असे. माणूस कामावर लावणारा जॉबर आणि काढणाराहि जॉबर. रजा त्याच्या मर्जीवर. कोणाला चांगला साचा द्यावा आणि कोणाला घडोघडीं अडणारा द्यावा, तेंहि त्याच्याच मर्जीवर; आणि विणकराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरत असल्यामुळें ही मर्जी महिनाअखेर पगाराच्या आंकड्यांत दिसे. सकाळीं दरवाजापाशीं बदलीवाल्यांचा घोळका उभा राही, आणि आंत कोणी यावयाचें हें जॉबर ठरवी. या कृपेचें मोल म्हणून दस्तुरी द्यावी लागे. कधीं रोख, कधीं सणाची भेट, तर कधीं गांवाहून आणलेली वस्तु.

जाच एवढाच असता तर मजूर उठून दुसऱ्या गिरणींत गेला असता, आणि पुष्कळ जातहि असत. परळ-लालबागेकडे एका भोंग्याच्या अंतरावर दुसरा भोंगा होता. अडचण निराळीच होती. लग्नकार्यासाठीं घेतलेलें कर्ज जॉबरानेंच दिलेलें, किंवा सावकाराकडून घेतलें असल्यास जामीन जॉबरच. वाण्याची उधारी त्याच्या शब्दावर चालू. खासगी चाळींत भाडें गोळा करणारा कित्येकदां तोच. गांवाहून धाकटा भाऊ आला तर त्याला बदली लावून देणाराहि तोच. शिवाय महिना संपल्यावर पगार हातीं पडावयास बरेच दिवस लागत, आणि नोटीस न देतां काम सोडलें तर अडकलेला पगार बुडण्याची धास्ती असे. म्हणजे जॉबराला कंटाळून काम सोडणें हें एक दोर तोडणें नव्हतें. कर्ज, उधारी, खोली, भावाचें काम आणि मागील पगार असे पांच दोर एकाच झटक्यानें तोडण्यासारखें तें होतें. याची एक विलक्षण बाजू अशी कीं, गिरणीनें एकाद्या जॉबरालाच काढून टाकलें तर कधीं कधीं त्याच्या हाताखालचे लोकहि काम टाकून त्याच्याबरोबर बाहेर पडत. बाहेरच्या माणसाला हें प्रेम वाटेल. त्यांत थोडें प्रेमहि असेल, कारण जॉबर बहुधा त्यांच्याच मुलखाचा असे. पण ज्याच्या हातीं आपलें सर्व कांहीं आहे तो बुडाला तर आपणहि बुडालों, हा हिशेबहि त्यांत होता.

येथें मला त्या सरकारी चाळींचें एक महत्त्व वाटतें. त्या खोल्या अंधाऱ्या व अपुऱ्या असतील, पण भाडें सरकारी खात्याकडे भरावयाचें होतें. जॉबराशीं बिनसलें तरी डोक्यावरचें छप्पर त्या रात्रीं जात नसे. पांचांपैकीं एक दोर मोकळा झाला. दुसरा आधार म्हणजे गांव. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंचा मजूर गांवच्या तुटपुंज्या शेतीला नांवें ठेवी, पण ती विकीत नसे. १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपामुळें बंद होत्या, तेव्हां हजारों माणसें गांवीं जाऊन राहिलीं. त्यांच्यामागें गांवचें घर नसतें तर सहा महिन्यांचा संप टिकला असता कीं नाहीं, याची मला शंका आहे. ज्याच्या मागें चार महिन्यांचे दाणे असतात, त्याला वरिष्ठाशीं बोलतांना आवाज चढवावा लागत नाहीं.

पुढें कायद्यानेंहि यांतील कांहीं गांठी सैल केल्या. व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मजूर-आयोगानें १९३१ च्या अहवालांत, माणसें नेमण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबराच्या हातीं राहूं नये, असें स्पष्ट मत दिलें. १९३५ सालीं गिरणी-मालकांच्या संघानें बदलीवाल्यांना नोंदीचीं कार्डें देण्याची पद्धति सुरू केली. १९३६ च्या वेतन-कायद्यानें पगार किती दिवसांच्या आंत द्यावा याची मुदत बांधली आणि दंडाला मर्यादा घातली. यानें जॉबर एकाएकीं साधु झाला, असें कोणी समजूं नये. त्याची दस्तुरी बरींच वर्षें चालू राहिली. तथापि त्याच्या मुठींतून दोर एकेक करून निघत गेले, आणि तेवढ्या प्रमाणांत त्याच्या रागाची किंमत उतरली.

आतां गिरणगांवांतून थोडें पांढरपेशा नोकरीकडे वळूं. कारण आपल्या श्रोत्यांपैकीं बहुतेकांचा वरिष्ठ टेबलामागें बसणारा असतो. महाराष्ट्रांत राजीनाम्याची गोष्ट निघाली कीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें नांव येतेंच. ते पुण्याच्या सरकारी शाळेंत शिक्षक होते, आणि ‘निबंधमाला’ १८७४ पासून लिहीत होते. त्यांची रत्नागिरीस बदली झाली, ती त्यांच्या लेखणीबद्दलची शिक्षाच, असें त्या वेळीं मानलें गेलें. १८७९ मध्यें त्यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. आपण शाळेंत मुलांना ही हकीगत सांगतों ती त्यांतील बाणेदारपणासाठीं. मला त्यांतील व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. राजीनाम्यापूर्वीं पांच वर्षें त्यांचें मासिक चालू होतें. त्याला वाचक होते, नांव होतें. स्वतःची शाळा काढण्याचा बेत होता, आणि टिळकांसारखा साथीदार मिळाला होता. शिक्षणखात्याच्या हातीं त्यांचा पगार व बदली एवढेंच होतें. त्यांचें खरें काम त्या खात्याच्या हातीं नव्हतेंच. ते नोकरीबाहेर पडले तेव्हां पाय ठेवावयास जागा अगोदरच तयार होती.

याच काळांतील दुसरें उदाहरण न्यायमूर्ति रानड्यांचें. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत सरकारचा रानड्यांवर संशय होता. १८७८ त नाशिक आणि १८७९ त धुळें अशा त्यांच्या बदल्या झाल्या. धुळ्यास असतांना त्यांच्या टपालावरहि पाळत होती, ही हकीगत रमाबाईंच्या आठवणींत आली आहे. रानड्यांनीं राजीनामा दिला नाहीं. कांहीं लोक यावरून एकाला शूर व दुसऱ्याला सावध ठरवून मोकळे होतात. मला ही वांटणी पटत नाहीं. धुळ्याच्या न्यायासनावर बसून निकाल देतांना रानड्यांची लेखणी कोणी धरीत नव्हतें. वरिष्ठांनीं त्यांना गांव बदलावयास लावलें, मन दुखविलें, पण रोजच्या कामांत हात घातला नाहीं. शिवाय संशय घेणारे अधिकारी बदलत असतात. तो संशय पुढें निवळला, आणि १८९३ त तेच रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

तेव्हां मोजणींत दुसरा प्रश्न असा येतो: हा वरिष्ठ माझ्या मानाला धक्का देतो आहे, कीं माझें कामच माझ्या हातून काढून घेतो आहे? मी एका शाळेंत अशा मुख्याध्यापकांच्या हाताखालीं होतों कीं, ते शिक्षकाला मुलांच्या देखत खडसावीत. राग येई. पण ते व्हरांड्यांतून पुढें गेले कीं वर्ग पुन्हां माझा असे. काय शिकवावें व कसें शिकवावें यांत ते पडत नसत. ते यथाकाल निवृत्त झाले, आणि मी आणखी अकरा वर्षें त्याच वर्गांत शिकविलें. उलट, ज्यांचें कामच काढून घेतलें जातें, त्यांना पदाच्या उंचीचा कांहीं उपयोग होत नाहीं. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सर बेनेगल रामराव हे १९४९ पासून त्या जागेवर होते. १९५६ च्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं हुंड्यांवरील मुद्रांक-शुल्क वाढविलें. त्यामुळें व्याजाचा दर परभारें वाढला, आणि दर ठरविणें हें तर बँकेचें काम. रामरावांनीं हरकत घेतली. पंतप्रधान नेहरूंनीं अर्थमंत्र्यांचीच बाजू उचलली. जानेवारी १९५७ मध्यें रामरावांनीं जागा सोडली. त्यांची मुदत संपावयास थोडेच महिने राहिले होते. खुर्चीवर बसून ते सुखानें काढतां आले असते. परंतु खुर्ची ठेवून काम दुसऱ्यानें करावें, हें त्यांना मान्य नव्हतें.

माझा एक जुना विद्यार्थी वरळीलाच कांचेच्या एका उंच इमारतींत नोकरीस होता. त्याचे आजोबा गिरणींत होते. एका रविवारीं घरीं आला आणि बसल्याबरोबर म्हणाला, “सर, उद्यां राजीनामा टाकतों. हा माणूस मला जगूं देत नाहीं.” मीं त्याला म्हटलें, “टाक. पण आधीं कागद घे आणि त्याच्याकडे तुझें काय काय अडकलें आहे, तें लिही.” त्यानें पगार लिहिला आणि थांबला. मग हळूहळू यादी वाढली. घराच्या कर्जाचा हप्ता. आईच्या हृदयाच्या औषधोपचाराचा खर्च, जो कचेरीच्या गट-विम्यांतून होत होता. नोकरी सोडल्याचें पत्र, ज्यावांचून पुढची कचेरी रुजू करून घेत नाहीं. आणि ग्रॅच्युइटी, कारण त्याला पांच वर्षें पुरीं होण्यास चार महिने उणे होते. आजोबांच्या वेळीं पांच दोर होते; नातवाचेहि पांचच भरले. फरक इतकाच कीं, आजोबांना ते दिसत होते, आणि याला कागद घेईपर्यंत दिसले नव्हते.

यांतील विम्याचा दोर सर्वांत फसवा. नोकरी सुटली कीं कचेरीचा गट-विमाहि सुटतो, आणि नव्यानें स्वतःचा विमा काढावयास गेलें तर जुन्या दुखण्यासाठीं कांहीं काळ थांबावें लागतें. गट-विम्यांतून त्याच विमा-कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत जाण्याची वाट असते. पण ती नोकरी चालू असतांनाच विचारून ठेवावी लागते. घरांत कोणी आजारी असेल, तर राजीनाम्याच्या पत्राआधीं हें काम. त्या मुलानें तेंच प्रथम केलें. हप्त्यासाठीं सहा महिन्यांची रक्कम बाजूस टाकली. पांच वर्षें भरूं दिलीं. या अवधींत तोच वरिष्ठ, तेंच बोलणें, पण मुलगा सांगत असे, “आतां ऐकूं येतें, पण लागत नाहीं.” नवव्या महिन्यांत त्यानें नोकरी सोडली. दुसऱ्या एकानें अशीच यादी केली, दोर मोकळे केले, आणि मग सोडण्याची निकडच त्याला वाटेनाशी झाली. तो अजून तेथेंच आहे. मला दोन्हीं निर्णय योग्य वाटतात.

मात्र सर्वच जाच असा थांबून सोसण्याचा नसतो. वरिष्ठ खोट्या कागदांवर सही मागत असेल, तर एक दिवसहि थांबूं नये, कारण सही आपली असते आणि जाबहि आपल्यालाच द्यावा लागतो. स्त्रियांच्या बाबतींत लैंगिक छळाचा प्रकार असेल, तर मुकाट्यानें नोकरी सोडणें हा त्यावर उपाय म्हणून कोणी घरांत सुचवूं नये. २०१३ च्या कायद्यानें दहा किंवा अधिक माणसें काम करतात अशा प्रत्येक ठिकाणीं तक्रार-समिति असणें बंधनकारक केलें आहे. तक्रार लेखी व साधारणतः तीन महिन्यांच्या आंत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास मुदत वाढवून मिळते. आणि ज्याला झोंप लागत नाहीं, अन्न जात नाहीं, रस्त्यानें चालतांना भलते विचार मनांत येतात, त्याला हप्त्यांचा हिशेब सांगत बसूं नये. घरच्यांनीं त्याला डॉक्टरकडे न्यावें आणि नोकरी सुटली तर सुटूं द्यावी. गांवच्या शेतीप्रमाणें अशा वेळीं घरचीं माणसेंच कामास येतात.

राहतां राहिल्या कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. १९७२ च्या ग्रॅच्युइटी-कायद्यानें पांच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली, आणि कायम नोकरांपुरती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती तशीच आहे. स्वतः राजीनामा दिल्यानें हा हक्क जात नाहीं. भविष्यनिर्वाह निधि तर आपल्याच नांवावर असतो, तो नव्या नोकरींत वळवून घ्यावा, मोडूं नये. २०१९ च्या वेतन संहितेंत असें कलम आहे कीं, नोकराला काढलें असो किंवा त्यानें आपण होऊन राजीनामा दिला असो, वेतनाची बाकी कामाच्या दोन दिवसांत चुकती करावी. अडकलेल्या पगाराच्या धास्तीनें थांबणाऱ्या त्या जुन्या विणकराला हें कलम ऐकून काय वाटलें असतें, असा विचार मनांत येतो. नोटिशीची मुदत नेमणुकीच्या पत्रांत दिलेली असते. तें पत्र कोठें आहे हें पुष्कळांना ठाऊक नसतें, तें आधीं शोधून काढावें. पुढील तारखेचा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वीं मागें घेतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं एका हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या प्रकरणांत ठरविलें. खासगी नोकरींत त्या पत्रांतील अटी महत्त्वाच्या, म्हणून या सवलतीवर विसंबून रागाच्या भरांत पत्र देऊं नये.

राजीनाम्याचें पत्र तीन ओळींचें असावें. आपण कोणत्या जागेवर आहोंत, कोणत्या तारखेपासून मोकळे होऊं इच्छितों, आणि हातांतील काम कोणाकडे सोंपवावें, एवढेंच त्यांत लिहावें. वरिष्ठाच्या वर्तनाबद्दल तक्रार असेल तर ती निराळ्या कागदावर, तारखांसह, वरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी. दोन्हीं एकत्र केलीं कीं तक्रार कोणी वाचीत नाहीं आणि राजीनामा मात्र तत्काळ मंजूर होतो. दोन्हीं कागदांची पोंच घ्यावी. संगणकावरून पाठविलें असेल तर त्याची एक प्रत कागदावर उतरवून, नेमणुकीच्या पत्राशेजारीं, घरच्या कपाटांत ठेवावी.